कोयता म्हणजे किती माणसे?

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की आम्ही कामगार कायदे, संप, बोनस यांपैकी काहीतरी सांगू. आम्ही म्हणालो, शब्दांवर बोलतो. चालकांपैकी एक गुरुजी हसून म्हणाले, "शब्दांचे काम आमचे, तुमचे काम माणसांचे." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. आम्ही सातवीनंतर शाळा सोडली आणि पोती उचलू लागलो. पुढे जे वाचले ते पोत्यांच्या थप्पीवर बसून वाचले. व्याकरणात आमची चूक निघाली तर आपण ती पोटात घालावी. परंतु तीस वर्षे कामगारांच्या तंट्यात घालवल्यानंतर आमची अशी खात्री झाली आहे की, निम्मे तंटे पैशाचे असतात आणि उरलेले निम्मे शब्दाचे. ज्याला शब्दाचा अर्थ ठरविता येतो त्याच्याकडे बहुधा पैसाही जातो.

इंग्रजीत ज्याला स्लँग म्हणतात, त्याला आपल्याकडे धड नाव नाही. कोशकार 'ग्राम्य' किंवा 'अशिष्ट' असा शिक्का मारून पुढे जातात. आम्ही आपले 'चालू बोली' म्हणतो. म्हणजे काय? तर जी बोली शाळेत शिकवीत नाहीत, कचेरीत चालत नाही, परंतु तिच्यावाचून बाजार, फड, ठेसन आणि हॉटेल यांचे पान हलत नाही, ती. हिच्यात शिव्याही असतात, नाही असे नाही. पण शिव्या म्हणजेच चालू बोली, ही समजूत चुकीची आहे.

आमच्या भागाच्या मराठीला पुण्या-मुंबईची माणसे हसतात हे आम्हाला ठाऊक आहे. "काय करलालास?" "जेवलालो." हे ऐकले की त्यांना गंमत वाटते. होय म्हणताना आम्ही 'हौ' म्हणतो, तेही त्यांना दखनी वाटते; आणि ते दखनी आहेच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, दरबारची भाषा उर्दू होती, तेव्हा जिभेवर तिचा रंग चढणारच. हसणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगतो की, मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्या विवेकसिंधूचे नाव घेतात, त्या ग्रंथाच्या कर्त्याची, मुकुंदराजांची, समाधी आमच्याच तालुक्यात अंबाजोगाईला आहे. घाटनांदूरहून तिकडे जायला फार वेळ लागत नाही. असो.

आता एक दूरची गोष्ट सांगतो. आमच्या नात्यातला एक मुलगा आयर्लंडात डब्लिन शहरी नोकरीला आहे. तो सुटीवर आला असता आम्ही त्याला विचारले, तिकडे इंग्रजीच बोलतात ना? तो म्हणाला, "मामा, इंग्रजीच, पण आपण शिकलो ती नव्हे." मग त्याने जी उदाहरणे दिली, ती ऐकून आम्हाला घाटनांदूरच्या पारावर बसल्यासारखे वाटले. तिकडे 'ग्रँड' म्हणजे भव्य नव्हे. ग्रँड म्हणजे ठीक, बरे. अंगात ताप असलेला माणूसही "मी ग्रँड आहे" म्हणतो. 'योक' म्हणजे मूळ बैलाच्या मानेवरचे जू. पण ज्या वस्तूचे नाव ऐन वेळी आठवत नाही तिला तिकडे 'योक' म्हणतात, आपण "ते हे दे रे" म्हणतो तसे. 'क्रॅक' म्हणजे चार माणसे जमून होणाऱ्या गप्पा, गंमत. हा शब्द बाहेरून आला, पण तिथल्या लोकांनी त्याला आपल्या जुन्या भाषेच्या वळणाचे स्पेलिंग दिले आणि आता तो त्यांचाच झाला आहे. 'डेडली' म्हणजे प्राणघातक, पण डब्लिनचे पोर ते उत्तम या अर्थी वापरते. आमच्याकडची पोरे चांगल्या बैलजोडीला 'लई डेंजर' म्हणतात, त्यात आणि यात फरक काय?

सर्वांत गमतीचा शब्द 'हिमसेल्फ'. एखाद्याच्या दारात जाऊन तिकडे विचारतात, "स्वतः आहेत का घरात?" स्वतः म्हणजे घरधनी. आमच्या बाया नवऱ्याचे नाव घेत नाहीत. 'हे', 'धनी', 'कारभारी', 'मालक' असे काहीतरी म्हणतात. यातला 'मालक' हा शब्द आम्हाला नेहमी खटकतो. ज्या बाईला दिवसभर ठेकेदाराला मालक म्हणावे लागते, ती संध्याकाळी घरी येऊन नवऱ्यालाही मालकच म्हणते. तिला बिचारीला मालक तरी किती असावेत!

आयर्लंड आम्हाला परके वाटत नाही याला आणखी एक कारण आहे. आपले माजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी तरुणपणी, १९१३ ते १९१६ या काळात, डब्लिनला कायदा शिकायला होते. १९१३ सालीच तिथे मोठी टाळेबंदी झाली होती. जिम लार्किन आणि जेम्स कॉनली हे कामगारांचे पुढारी होते. गिरी परत आले ते रेल्वे कामगारांच्या संघटनेत पडले. आमच्या ठेसनावरून आज जी गाडी जाते, तिच्या गँगमनला जे थोडे हक्क आहेत, त्यात त्या पिढीच्या पुढाऱ्यांचा वाटा आहे.

आणि त्याच देशाने जगाला एक शब्द दिला, जो आमच्या अडाण्यातल्या अडाणी माणसालाही ठाऊक आहे. "त्याच्यावर बायकाट टाकलाय." हा बायकाट म्हणजे एका माणसाचे आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली, ती नाकारली गेली आणि कुळांना हुसकण्याच्या नोटिसा निघाल्या. तेव्हा लोकांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडला. मजूर शेतावर जाईनात, दुकानदार माल देईना. पीक काढायला उत्तरेकडून ५० माणसे आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला हजाराच्या आसपास शिपाई ठेवावे लागले. त्या वेळची गोष्ट सांगतात ती अशी की, या प्रकाराला नाव काय द्यावे यावर एक वार्ताहर आणि गावचा पाद्री बोलत बसले होते. विद्वानांचा शब्द हाताशी होता, पण तो कुळांना कळला नसता. मग पाद्री म्हणाला, याला 'बॉयकॉट करणे' म्हणू. काही महिन्यांत तो शब्द समुद्र ओलांडून गेला. शब्द सोपा होता म्हणूनच हत्यार कुळांच्या हातात बसले, असे आम्हाला वाटते. आपल्याकडे वाळीत टाकणे हा शब्द होता, परंतु तो जातपंचायतीचा. वरच्याने खालच्यावर चालवायचा. बायकाट उलट्या बाजूने चालतो.

आता आपल्या बाजारात येऊ. चालू बोली दोन कामे करते. ती आपल्या माणसाला सांगते आणि दुसऱ्यापासून लपविते. मराठी व्यापाऱ्यांची जुनी नंदभाषा ही लपविण्याची भाषा. तिच्यात एक म्हणजे केवली, दोन अवारू, तीन उधाणू, चार पोकू, पाच मुळू. दुकानात गिऱ्हाईक समोर उभे असताना दोन व्यापारी आपसांत भाव बोलत आणि गिऱ्हाइकाला वाटे, काही घरगुती चालले आहे. हीच गोष्ट हत्ता पद्धतीत बोटांनी होई. रुमालाखाली दलाल आणि खरेदीदार एकमेकांची बोटे दाबत आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमालाकडे पाही. बाजार समित्यांच्या कायद्याने उघडा लिलाव आणला, तो याच रुमालावर. तरी बैलबाजारात रुमाल अजून पूर्ण गेलेला नाही.

हमालांचीही आपली बोली आहे. आम्ही तिच्यातच वाढलो. 'थप्पी' म्हणजे पोत्यांची रास, 'कट्टा' म्हणजे लहान पोते, 'कडता' म्हणजे वजनातून कापून घ्यायचे ते. मालक येताना दिसला की आम्ही "ढग आले" म्हणत असू आणि सगळे कामाला लागत. एकदा एका नव्या पोराने खरेच आभाळाकडे पाहिले, मालकानेही पाहिले. त्या दिवसापासून तो शब्द आम्हाला बदलावा लागला.

यांतले कितीतरी शब्द दूरदेशीचे आहेत. हमाल अरबी, मुकादमही अरबी. त्याचा मूळ अर्थ पुढे ठेवलेला, म्हणजे अग्रणी. पगार पोर्तुगीज. हप्ता या शब्दाचा प्रवास तर पाहण्यासारखा आहे. फारसीत हफ्त म्हणजे सात. त्यावरून सात दिवसांचा आठवडा. त्यावरून आठवड्याला द्यायची रक्कम. मग कर्जफेडीचा भाग. आणि शेवटी गुंड दुकानदाराकडून घेतो तो हप्ता. सातातून निघून कुठे पोचला पाहा. ऊसतोडीत साखर कारखान्याचा जो माणूस वजनाच्या चिठ्ठ्या देतो त्याला चिटबॉय म्हणतात. लोकांना वाटते हा शब्द सगळा इंग्रजी. पण इंग्रजीतला 'चिट' हा आपल्याच चिठ्ठीवरून गेलेला आहे. आमची चिठ्ठी विलायतेला जाऊन साहेबाची टोपी घालून परत आली.

'माथाडी' हा शब्द आम्ही विशेष मानाने घेतो. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात हा चालू बोलीतला शब्द होता. १९६९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला, तेव्हा हा शब्द कायद्याच्या नावात गेला. मंडळ आले, नोंदणी आली, भविष्यनिर्वाह निधी आला. तोवर हमालाचा मालक कोण, हाच प्रश्न सुटत नसे. आज या पेढीचे पोते, उद्या त्या पेढीचे. शब्द कायद्यात बसला म्हणून सगळे झाले असे आम्ही म्हणत नाही. त्यासाठी माणसे रस्त्यावर उतरली होती. परंतु बाजारातल्या बोलीचा शब्द कायद्याच्या पुस्तकात जसाच्या तसा गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

याच्या उलट आमच्या जिल्ह्याचा शब्द आहे 'कोयता'. दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गावात म्हातारी माणसे आणि पोरे राहतात. कारखान्याचा 'पट्टा पडला', म्हणजे गाळप बंद झाले, की माणसे परत येतात. या कामाची सगळी बोली आमच्या श्रोत्यांपैकी अनेकांना तोंडपाठ असेल. शेतात उभा ऊस तो फड. राहायची झोपडी ती कोपी. वाळला पाला ते पाचट, उसाचा हिरवा शेंडा ते वाढे. वाढे विकून बायका मीठमिरची भागवितात. बैलगाडीवाले ते 'गाडी सेंटर' आणि डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रकमध्ये भरणारे ते 'डोकी सेंटर'. कामाला जाण्यापूर्वी मुकादमाकडून घेतलेली रक्कम ती 'उचल'.

आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मुकादम विचारतो, "किती कोयते?" दहा कोयते म्हटले की वीस माणसे. एकटा माणूस किंवा एकटी बाई असेल तर 'अर्धा कोयता'. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्याचा होतो, आणि पैसे नवऱ्याच्या हाती जातात. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात निघाला. आजच्यासारखी कारखान्याची तोड तेव्हा नव्हती, प्रवरानगरचा पहिला सहकारी कारखाना तर पुढे १९५० च्या सुमारास सुरू झाला. म्हणून हा अर्थ जुन्या कोशात शोधायला जाऊ नये. हा शब्द आमच्याच लोकांनी, आमच्याच डोळ्यांदेखत घडविला आहे.

या शब्दाने आम्हाला एकदा चांगलेच फसविले, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका टोळीची ट्रॉली रात्री उलटली. एक बाई जागीच गेली, चारपाच माणसे जखमी झाली. आम्ही तेव्हा संघटनेत नवे, उत्साह दांडगा. नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा वाचलेला होता. मुकादमाला विचारले, टोळी किती? तो म्हणाला, "वीस कोयते." आम्ही अर्जात लिहिले, कामगारसंख्या वीस, आणि खाली वीस नावांची यादी जोडली. वीसही नावे पुरुषांची. अर्ज घेऊन कचेरीत गेलो. साहेबांनी यादीवरून बोट फिरविले आणि विचारले, "यात मयत बाई कुठे आहे?"

आम्ही यादी पुन्हा वाचली. बाई नव्हती. तिच्या नवऱ्याचे नाव होते आणि तो समोर उभा होता. तो म्हणाला, "साहेब, कोयता आमचा दोघांचा हाय." साहेब म्हणाले, "कोयता मला कळत नाही. माणसे सांगा." साहेबांचा त्यात दोष नव्हता. कारखान्याच्या चिठ्ठीवर तिचे नाव नव्हते, मुकादमाच्या वहीत नव्हते, आणि जिची बाजू घेऊन आम्ही गेलो होतो तिचे नाव आम्ही स्वतःच लिहिलेल्या अर्जातही नव्हते. ती तिथे कामाला होती हे सिद्ध करायला पुढे तीन वर्षे लागली. टोळीतल्या बायांनी साक्षी दिल्या. शेवटी जे हाती आले त्यातून नवऱ्याची उचलही पुरती फिटली नाही. मुकादमाने तर अपघातानंतरचे दिवस 'खाडा' म्हणून लावले होते.

खाडा हा शब्द साधा आहे. कामावर न येणे. गिरणीत खाडा झाला तर त्या दिवसाचा पगार जातो. ऊसतोडीत खाडा झाला तर मजुरी जाते आणि वर दंड बसतो. कुठे पाचशे, कुठे हजार रुपये. शब्द तोच, पण गिरणीतला खाडा आणि फडातला खाडा यांत एवढे अंतर आहे. बोलणाऱ्याचे काम काय हे कळल्यावाचून चालू बोलीतल्या शब्दाचा अर्थ सांगू नये, हे आम्ही यावरून शिकलो.

या खाड्याच्या भीतीतून पुढचा शब्द आला आणि तो सभेत उच्चारताना आम्हाला संकोच वाटतो; पण बाया तो रोज उच्चारतात. 'पिशवी.' "तिची पिशवी काढली." पिशवी म्हणजे गर्भाशय. जसे काही बाजाराहून आणलेली पिशवी खुंटीवरून काढून ठेवली. महिन्याची अडचण आली तरी मोळी उचलावीच लागते, न उचलावी तर खाडा. अंगावरच्या दुखण्याला औषधपाणी नाही. डॉक्टरकडे गेले की पुढे कर्करोग होईल असे सांगून शस्त्रक्रिया पुढे करणारेही निघाले. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींत एक. आम्ही ज्या वाडीतांड्यांवर पंधरा वर्षे सभा घेत होतो, तिथेच हे चालले होते. हा शब्द आमच्या कानांवरून शेकडो वेळा गेला असेल. शब्द इतका घरगुती होता की विचारावेसे वाटले नाही. त्या बायांना आम्ही "कसं काय, बरं हाय ना?" असे विचारीत असू आणि त्या म्हणत, "बरं हाय." डब्लिनच्या तापकऱ्याचे ग्रँड आणि हे बरं हाय यांत आम्हाला आता फरक दिसत नाही.

म्हणून काही पंडित म्हणतात तसे ही बोली टाकून शुद्ध बोला असे आम्ही म्हणणार आहोत काय? मुळीच नाही. 'उचल' ऐवजी 'अग्रिम' म्हटले म्हणून कर्ज हलके होत नाही. उलट ज्याने घेतले त्याला ते कळेनासे होते. आमच्या मते तंटा बोलीशी नसून मोजदादीशी आहे. बोलताना खुशाल कोयता म्हणा. लिहिताना दोन नावे लिहा. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि संघटना यांच्यात करार होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टक्के वाढले हे चांगलेच झाले. पण वाढलेला पैसा अजून कोयत्याच्या एकाच हातात पडतो.

गेली काही वर्षे आम्ही टोळी निघण्यापूर्वी आमच्या वहीत नोंद करतो. एका कोयत्याला दोन ओळी. वरच्या ओळीत बाईचे नाव, खालच्या ओळीत पुरुषाचे. पहिल्या वर्षी एक मुकादम वही पाहून म्हणाला, "दहा कोयत्यांना इतकी पानं कशाला लागायलीत?" आम्ही त्याला वीस नावे वाचून दाखविली. बायांची नावे तोवर त्यालाही ठाऊक नव्हती. तो त्यांना अमक्याची बायको म्हणूनच ओळखत होता. आणि एका बाईने तर स्वतःचे नाव सांगायला इतका वेळ लावला की शेजारणीने सांगितले.

या यादीत न आलेले पुष्कळ शब्द आपणांपैकी कित्येकांकडे असतील. गवंड्यांचे, कोळशावर काम केलेल्यांचे, टेम्पोवाल्यांचे. ते आम्हाला हवे आहेत. आम्ही बहुतेक संध्याकाळी ठेसनासमोरच्या चहाच्या टपरीवर असतो. शब्द सांगताना तो कोणत्या कामातला आणि कोण कोणाला म्हणतो, एवढे मात्र सांगावे.